डेबियनवर स्क्रीन रखडते: स्क्रोल, व्हिडिओ, स्टेलेरियम सगळंच संथ. शोध कुठून सुरू करू?

गणितताई

नमस्कार मंडळी.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. गावाच्या लोकवर्गणीतून शाळेने काही जुने लॅपटॉप घेतले. त्यातला मी वर्गात वापरते तो असा आहे: रायझन ५ ३५००यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. घेतला तेव्हा दुकानदारानेच त्यावर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं होतं. पुढे मी ते १२ वर नेलं. डेस्कटॉप ग्नोम आहे.

त्रास असा की डोळ्यांना दिसणारं सगळंच जड चालतं. खिडकी माउसने धरून सरकवली तर ती मागून येते. वेबपान खाली ओढलं की धक्के बसतात. जिओजेब्रात घन फिरवून दाखवायला गेले की तो टप्प्याटप्प्याने फिरतो, आणि नेमका फिरतानाच तर मुलांना कळायला हवा असतो. स्टेलेरियम या तारांगणाच्या प्रोग्राममध्ये आकाश पुढे सरकवणं जवळपास अशक्य. पंखा सतत घोंघावतो. सीपीयू कोण किती वापरतंय ते दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये पाहिलं तर ग्नोम-शेल सगळ्यात वर. टायपिंग, फाइल कॉपी, लिब्रेऑफिस उघडणं हे मात्र झटपट होतं.

आणखी दोन तक्रारी आहेत, त्यांचा याच्याशी संबंध आहे का ते ठाऊक नाही. ब्राइटनेसच्या कळा चालत नाहीत, आणि एचडीएमआयने जोडलेला प्रोजेक्टर लॅपटॉपला दिसतच नाही. त्यामुळे प्रोजेक्टर असूनही मुलांना छोट्या स्क्रीनभोवती गोळा करावं लागतं.

नवीन मशीनसाठी पैसे नाहीत. जमेल तेवढं शिकून दुरुस्त करायची तयारी आहे.

सह्यकडा

ताई, ग्नोम काढून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका. त्याआधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅनिमेशन बंद करून बघा. स्वॅप (रॅम संपली की डिस्कची वापरली जाणारी जागा) वापरलं जातंय का तेही बघा, ८ जीबीत ब्राउझरचे पंधरा टॅब उघडले की मशीन बसतं. माझ्या जुन्या लॅपटॉपला एक्सएफसीईने बराच आराम पडला.

नाशिककर_७७

सरळ डेबियन १३ नव्याने टाका. अपग्रेड करत करत आलेल्या मशीनमध्ये जुना गाळ राहतो. दोन तासांत विषय संपेल.

घाटमाथा

गणितताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं काम तिथेच झालं. थोडं थांबा, अजून काहीच बदलू नका.

रॅम किंवा डिस्क कमी पडली असती तर लिब्रेऑफिसही रखडलं असतं. तुमच्याकडे फक्त चित्र रखडतंय. ३५००यू मध्ये व्हेगा ८ हा ग्राफिक्स भाग आहे. ग्नोम, स्टेलेरियम, जिओजेब्राचा घन, हे सगळं त्याला सहज झेपायला हवं. म्हणजे ग्नोम जड आहे म्हणून हे होत नाहीये.

आणि ज्या दोन गोष्टी तुम्ही शेवटी घातल्या, त्याच मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. पडद्याचा उजेड कमीजास्त करणं, बाहेरचा पडदा ओळखणं, योग्य रिझोल्यूशन लावणं ही कामं लिनक्समध्ये कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ग्राफिक्स ड्रायव्हर करतो. एएमडीच्या या चिपसाठी त्याचं नाव एएमडीजीपीयू. तिन्ही तक्रारी एकाच वेळी आहेत म्हणजे तो ड्रायव्हर चालू नसावा असा माझा दाट संशय आहे.

संशयावर दुरुस्ती करायची नाही, म्हणून तीन गोष्टी टर्मिनलमध्ये चालवून इथे टाका. पहिली, मेसा-युटिल्स पॅकेज टाकून ‘जीएलएक्सइन्फो -बी’, त्यातली रेंडरर नावाची ओळ. दुसरी, ‘एलएसपीसीआय -के’ मधला व्हीजीए असं लिहिलेला परिच्छेद, खालच्या कर्नल ड्रायव्हरच्या ओळीसकट. तिसरी, ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’, म्हणजे कर्नल सुरू होताना त्याला काय काय सांगितलं गेलं ते.

गणितताई

मधल्या सुट्टीत केलं.

रेंडरर: एलएलव्हीएमपाइप (एलएलव्हीएम १५.०.६, २५६ बिट्स)

एलएसपीसीआयमध्ये पिकासो/रेव्हन २ असं नाव आहे. ‘कर्नल मॉड्यूल्स: एएमडीजीपीयू’ ही ओळ दिसते, पण ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळच नाही.

सीएमडीलाइनच्या शेवटी: आरओ क्वायट नोमोडसेट

घाटमाथा

सापडलं. निदान पहिला थर तरी.

एलएलव्हीएमपाइप हे ग्राफिक्स कार्डाचं नाव नाही. मेसा हा लिनक्सवरचा ओपनजीएलचा, म्हणजे त्रिमिती चित्रं काढण्याच्या आज्ञांचा संच, ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यात इंटेल, एएमडी वगैरेंचे ड्रायव्हर आहेत, आणि कुठलाच उपलब्ध नसेल तेव्हासाठी एलएलव्हीएमपाइप आहे. ते ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम (शेडर) सीपीयूच्या भाषेत उतरवतं आणि सगळं चित्र सीपीयूकडून काढून घेतं. तुमचा व्हेगा ८ रिकामा बसलाय आणि सीपीयूचे चार कोर पडदा रंगवतायत. ग्नोम-शेल टॉपमध्ये वर दिसतं ते याच कारणाने, आणि पंखाही म्हणूनच फिरतो. एलएलव्हीएमपाइपचा यात दोष नाही. ते नसतं तर या अवस्थेत ग्नोम उघडलंच नसतं.

दुसरी ओळ सांगते की एएमडीजीपीयू मॉड्यूल मशीनवर आहे, पण चिपचा ताबा त्याने घेतलेला नाही. तिसरी ओळ का ते सांगते: नोमोडसेट. ग्राफिक्स ड्रायव्हरांनी पडद्याला हात लावू नये, बायोसने सुरुवातीला जसा पडदा लावून दिला तसाच वापरावा, असा तो कर्नलला दिलेला हुकूम आहे. ‘डीमेसग’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, नोमोडसेट शोधा, फक्त सिस्टिम फ्रेमबफर (बायोसने दिलेला साधा पडदा) मिळेल असं स्वच्छ लिहिलेलं सापडेल.

आता तो शब्द काढायचा, पण कायमचा नाही, आधी एका बूटपुरता. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रब या बूट मेनूच्या यादीत डेबियनची ओळ निवडून ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून नोमोडसेट खोडा, कंट्रोल-एक्स दाबा. काही बिघडलं तर पुढच्या बूटला सगळं पहिल्यासारखं.

बिघडण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगतो. तो शब्द तिथे आपोआप येत नाही. कुणीतरी कशासाठी तरी घातलाय.

सह्यकडा

घाटमाथा, एक शंका. चार कोर, आठ थ्रेड म्हणजे सीपीयू काही लेचापेचा नाही. नुसती खिडकी सरकवायला तो का कमी पडावा?

घाटमाथा

फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २० लाख ७४ हजार बिंदू. प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ६० चित्रं धरली तर जवळपास ५०० एमबी दर सेकंदाला, आणि हे फक्त एकदा लिहिण्याचं. कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या जोडून पडदा बनवणारा भाग, प्रत्येक खिडकीचं चित्र वाचतो, एकावर एक ठेवतो, सावली आणि पारदर्शकपणा मिसळतो, मग पुन्हा लिहितो. प्रत्येक बिंदूवर तेच साधं गणित, लाखो वेळा. व्हेगा ८ मध्ये असल्या कामासाठी ५१२ छोटे गणक एकाच वेळी चालतात. सीपीयूचे कोर हुशार आहेत, पण मोजके. शिवाय त्याच वेळी त्यांना ब्राउझर आणि जिओजेब्राही चालवायचं असतं.

एक्सएफसीईने तुम्हाला आराम पडला तो खरा असणार, कारण त्यात मिसळण्याचं काम कमी. पण ताईंना स्टेलेरियम हवंय, आणि ते कुठल्याही डेस्कटॉपवर एलएलव्हीएमपाइपखाली रडणारच.

गणितताई

नोमोडसेट खोडून बूट केलं. सुरुवातीच्या चार ओळी आल्या आणि पडदा तिथेच गोठला. लॉगिन आलंच नाही. पॉवर बटण एकदा दाबल्यावर थोड्या वेळाने मशीन बंद झालं. पुन्हा सुरू केल्यावर आधीसारखं चालतंय, तेवढाच संथपणा.

नाशिककर_७७

म्हणूनच म्हणत होतो, नवीन टाका.

घाटमाथा

नाशिककर, नवीन टाकलं तर बहुधा सुटेल, आणि ते का सुटेल हे याच धाग्यात दिसेल. पण शाळेत असे आणखी लॅपटॉप आहेत. कारण कळलं तर ताई बाकीचे स्वतः बघू शकतील.

ताई, बटण दाबल्यावर मशीन शिस्तीत बंद झालं ही फार चांगली खूण आहे. म्हणजे आत सगळं चालू होतं, फक्त पडदा मेला होता. त्या बूटची नोंद डिस्कवर असणार. ‘सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१’ चालवा. उणे एक म्हणजे आत्ताच्या आधीचं बूट. त्यात एएमडीजीपीयू आणि फर्मवेअर हे शब्द शोधा. आत्ताच्या बूटच्या नोंदीत काही मिळणार नाही, कारण नोमोडसेट असताना ड्रायव्हर तिथपर्यंत पोचतच नाही.

गणितताई

मिळालं! लाल अक्षरांत आहे. फर्मवेअर लोड झालं नाही, फाइलचं नाव एएमडीजीपीयू/पिकासो_जीपीयू_इन्फो.बिन, पुढे उणे २. त्याच्याखाली जीपीयू (ग्राफिक्स चिप) सुरू करताना घातक चूक झाली अशा अर्थाची ओळ.

घाटमाथा

आता साखळी पूर्ण झाली.

उणे २ म्हणजे कर्नलच्या भाषेत ‘अशी फाइल नाही’. एएमडीच्या अलीकडच्या चिपांना सुरू होताना कंपनीने दिलेलं फर्मवेअर आत भरावं लागतं. ड्रायव्हर मुक्त आहे, तो कर्नलसोबत येतो. फर्मवेअरचा स्रोत खुला नाही, म्हणून डेबियनने ते वर्षानुवर्षं मुख्य भांडाराबाहेर, नॉन-फ्री विभागात ठेवलं. डेबियन ११ च्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये ते नव्हतं. तुमच्या लॅपटॉपवर ११ टाकलं तेव्हा ड्रायव्हरने बायोसचा पडदा काढून घेतला, मग फर्मवेअर शोधलं, ते मिळालं नाही, आणि पडदा कुणाच्याच हातात राहिला नाही. आज तुम्ही पाहिलं तेच. त्यावर नोमोडसेट घातलं की पडदा येतो, मशीन विकता येतं. तो तात्पुरता टेकू होता, तो तसाच राहून गेला.

पुढे डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान करून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि १२ मध्ये त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग आला. पण ११ वरून वर आलेल्या मशीनच्या यादीत तो विभाग आपोआप जोडला जात नाही. म्हणून १२ झालं तरी तुमच्याकडे फर्मवेअर आलं नाही.

आता उपाय. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट उघडा. ज्या ओळींच्या शेवटी ‘मेन’ आहे तिथे एक जागा सोडून नॉन-फ्री-फर्मवेअर लिहा, सुरक्षा अपडेटच्या ओळीतही. मग ‘एपीटी अपडेट’, मग फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज टाका. टाकताना इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा छोटा डबा, नव्याने बनतं, नाही बनलं तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ हाताने चालवा. ही पायरी गाळू नका. ड्रायव्हर बूटच्या अगदी सुरुवातीला चालू झाला तर त्याला डिस्क अजून दिसत नसते, फाइल त्या डब्यातच असावी लागते.

मग पुन्हा एकदा ग्रबमध्ये ई दाबून, एका बूटपुरतं नोमोडसेट खोडून बघा. नीट चाललं तरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधून तो शब्द काढा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

रानवारा

फार सुंदर उकल. एक भर: फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स टाकण्याआधी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवलं की ते स्वतःच ‘बहुधा फर्मवेअर नाही’ अशा इशाऱ्यांची रांग छापतं. तो इशारा अपग्रेडच्या वेळीही पडद्यावर येतो, पण शेकडो ओळींत वाहून जातो. अपग्रेड करताना डब्ल्यू आणि कोलनने (W:) सुरू होणाऱ्या ओळी जरूर वाचाव्यात.

गणितताई

झालं!!

लॉगिनचा पडदा आला तेव्हाच अक्षरं वेगळी दिसली, जास्त रेखीव. रेंडररच्या ओळीत आता एएमडी रेडिऑन व्हेगा ८ ग्राफिक्स असं आहे, पुढे रेव्हन, एलएलव्हीएम १५.०.६, डीआरएम ३.४९. एलएसपीसीआयमध्ये ड्रायव्हर इन यूज: एएमडीजीपीयू. ब्राइटनेसच्या कळा चालतात. प्रोजेक्टरची वायर लावली आणि दुसरा पडदा आपोआप आला.

आज नववीला शंकूचे छेद फिरवून दाखवले. तिरका छेद घेतला की लंबवर्तुळ होतं आणि कलता कलता एका क्षणी ते उघडून अन्वस्त होतं, हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढून सांगत होते. आज मुलांनी ते होताना पाहिलं. मागच्या बाकावरची मुलं पुन्हा पुन्हा दाखवा म्हणत होती. घाटमाथा, मनापासून आभार.

एक प्रश्न उरलाय. रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएम अजूनही दिसतंय, ते चालेल ना? आणि फायरफॉक्समध्ये व्हिडिओ आता अडखळत नाहीत, पण पंखा अजून थोडा फिरतो.

घाटमाथा

वाचून फार आनंद झाला.

ते एलएलव्हीएम चालेल. तुमच्या डेबियन १२ मधला एएमडीचा मेसा ड्रायव्हर शेडर उतरवायला एलएलव्हीएमच वापरतो, फक्त आता ते जीपीयूच्या भाषेत उतरतात. धोक्याचा शब्द एलएलव्हीएमपाइप, किंवा तसंच सीपीयूवर चालणारं सॉफ्टपाइप.

व्हिडिओचं काम वेगळं. पडदा रंगवणं आणि व्हिडिओ उलगडणं यांची यंत्रणा चिपमध्येही वेगवेगळी आहे. मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स पॅकेज आहे ना बघा, ‘व्हीएइन्फो’ चालवा. त्यात एच.२६४ आणि व्हीपी९ हे व्हिडिओचे प्रकार दिसायला हवेत. एव्ही१ दिसणार नाही, या पिढीच्या चिपला ते हार्डवेअरने उलगडता येत नाही. यूट्यूब एव्ही१ पाठवत असेल तर ते सीपीयूवरच पडतं. फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिगमध्ये मीडिया.एव्ही१.एनेबल्ड बंद केलं की व्हीपी९ मिळतं. एएमडीवर लिनक्समध्ये हार्डवेअर व्हिडिओ फायरफॉक्स १३६ पासून आपोआप चालू असतो, त्याआधीची आवृत्ती असेल तर हाताने चालू करावा लागतो. अबाउट:सपोर्टमध्ये ग्राफिक्सचा भागही एकदा वाचा. कंपोझिटिंगपुढे नुसतं वेबरेंडर हवं, त्याच्या जोडीला सॉफ्टवेअर हा शब्द नको.

आणि रॅम एकाच पट्टीत आहे का? व्हेगा ८ ला स्वतःची मेमरी नाही, तो सीपीयूचीच रॅम वापरतो. डीडीआर४-२४०० ची एक पट्टी म्हणजे सेकंदाला १९.२ जीबीची वाट, दोन पट्ट्या दोन चॅनलमध्ये असतील तर ३८.४. मशीनमध्ये दुसरी खाच रिकामी असेल तर तिथे तेवढीच दुसरी पट्टी टाकणं हा या लॅपटॉपसाठी सगळ्यात स्वस्त आणि खरा फायदा देणारा खर्च आहे.

रानवारा

इंटेलवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण धागा पुढे कुणीतरी शोधत येईल. रेंडरर बरोबर दाखवतोय, तरी एक्स-ऑर्गवर (पडदा सांभाळणाऱ्या जुन्या पद्धतीवर, वेलँड ही नवी) स्क्रोल करताना पडदा आडवा फाटतो किंवा कोपऱ्यात कचरा दिसतो, असं असेल तर एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-व्हिडिओ-इंटेल पॅकेज टाकलेलं आहे का बघा. २००७ नंतरच्या चिपांसाठी तो ड्रायव्हर टाळावा असं डेबियनच्या त्या पॅकेजच्या वर्णनातच लिहिलंय. काढून टाका, एक्स आपला अंगभूत मोडसेटिंग ड्रायव्हर घेईल. जुन्या लेखांत याच्या बरोबर उलटा सल्ला मिळतो. तेव्हा तो बरोबर होता, आज नाही.

कळसूत्र

माझ्याकडे एनव्हिडिया जीटीएक्स १०५० आहे. रेंडरर नूव्हो (एनव्हिडियासाठीचा मुक्त ड्रायव्हर) दाखवतो, एलएलव्हीएमपाइप नाही. तरी स्टेलेरियम मंद. मग हे काय?

घाटमाथा

तुमचं कारण वेगळं. नूव्हो ड्रायव्हर चित्र जीपीयूकडूनच काढतोय, पण जीपीयू बूटच्या वेळच्या कमी वेगावर अडकलाय. जीटीएक्स ९०० मालिकेपासून घड्याळाचा वेग वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर लागतं, आणि १०५० च्या पिढीसाठी ते नूव्होला वापरता येईल असं मिळालेलं नाही. ट्युरिंग या नंतरच्या पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल ६.७ पासून वेगळा रस्ता निघाला, त्यात १०५० बसत नाही. तुम्हाला नॉन-फ्री विभागातला एनव्हिडिया-ड्रायव्हरच टाकावा लागेल. मुक्त ड्रायव्हर वापरावा असं मलाही वाटतं, पण या कार्डावर तो इलाज नाही.

स्टुटगार्टचा_सदू

मी घरच्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी दुसरी मुक्त प्रणाली वापरतो. तिथेही हाच शोध असाच करावा लागतो, फक्त मेख दुसरीकडे असते. लिनक्सचेच ग्राफिक्स ड्रायव्हर तिथे डीआरएम-केमॉड या पोर्टमधून येतात. मॉड्यूल लोडर.कॉन्फमधून नाही, आरसी.कॉन्फमधल्या केएलडी_लिस्टमधून चालू करायचं, आणि वापरणारा व्हिडिओ गटात हवा. गटात नसेल तर मॉड्यूल नीट चालू असूनही /डेव्ह/डीआरआय उघडत नाही आणि तुम्ही परत एलएलव्हीएमपाइपवर.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे, फ्रीबीएसडीच्या एखाद्या शाखेची (उदा. १४) पॅकेजं त्या शाखेच्या सर्वात जुन्या चालू आवृत्तीवर बांधली जातात. तुम्ही १४.० वरून १४.१ वर गेलात आणि मॉड्यूल अजून १४.० साठी बांधलेलं असेल, तर ते चालू होत नाही किंवा मशीन कोसळतं. अशा वेळी पोर्टमधून स्वतः बांधावं. १४.२ पासून कर्नल मॉड्यूलांसाठी वेगळं भांडार ठेवलंय, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला. एएमडीचं फर्मवेअर तिथेही लागतंच. ‘एफडब्ल्यूगेट’ चालवलं की ते हार्डवेअर पाहून योग्य पॅकेज टाकतं.

मोडीवाचक

मी लॅपटॉप ४के टीव्हीला जोडतो. रेंडरर इंटेल, ड्रायव्हर आय९१५ चालू, सीपीयू थंड. फक्त टीव्हीवर माउस चिखलातून चालल्यासारखा वाटतो. लॅपटॉपच्या पडद्यावर ठीक.

घाटमाथा

‘एक्सरँडआर’ चालवा आणि टीव्हीच्या ओळींत तारा (*) कुठल्या आकड्यापुढे आहे ते बघा. वेलँडवर असाल तर डिस्प्ले सेटिंगमधला रिफ्रेश रेट. बहुधा ३० असेल. जुन्या लॅपटॉपांचा एचडीएमआय १.४ असतो, त्यातून ३८४० गुणिले २१६० सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० साठी एचडीएमआय २.० लागतो, दोन्ही टोकांना. टीव्हीसाठी १९२० गुणिले १०८० आणि ६० हर्ट्झ निवडून बघा.

मोडीवाचक

३० च होतं. ६० वर आणलं, माउस सरळ झाला. अक्षरं किंचित मोठी दिसतात, ते मला उलट बरंच आहे. धन्यवाद.

गणितताई

शाळेतले बाकीचे लॅपटॉप आज तपासले. दोनांवर नोमोडसेट आणि तेच कारण, त्यांचं फर्मवेअर टाकून झालं. एक इंटेलचा आहे, त्यावर नोमोडसेट होतं पण काढल्याबरोबर चालू झाला, फर्मवेअरची तक्रार नाही. दुसरी रॅमची खाच माझ्या लॅपटॉपमध्ये रिकामी आहे. मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय, पट्टी आली की स्टेलेरियमचा फरक इथे लिहीन.